पिंड पाण्यात नको

ब्रह्माघाट, वाराणसी
९ फेब्रुवारी १९९७

ती. आत्या,

नमस्कार. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं त्याला आज अकरा दिवस झाले. जेवायला बसतात, भाजीत मीठ कमी असलं की आईला म्हणतात, "तिला सांग." मी तिथेच वाढत असते. आईला हसू येतं, ती तोंडाला पदर लावते.

कारण असं, की मला काम मिळालंय. सरकारची नवी योजना आहे. शहरातली जुनी कुंडं आणि तलाव, जे कुणा एकाचे नाहीत म्हणून कुणीच बघत नाही, ते साफ करायचे. गाळ काढायचा, पायऱ्या मोकळ्या करायच्या, काठावर झाडं लावायची. अठरा ते पंचवीस वयाची मुलंमुली घेतात, दिवसाची मजुरी देतात. आमच्या टोळीत बारा जण, त्यात मुली तीन. आम्हाला रेणुका कुंड मिळालंय. तुम्ही लहानपणी पाहिलेलं कुंड डोळ्यांपुढे आणू नका. आता तिथे पाणी दिसतच नाही. वर जलकुंभी, म्हणजे आपली जलपर्णी, इतकी दाट, की कुत्री त्यावरून चालत पलीकडे जातात. खाली फुटके मटके, गाद्या, देवांच्या तसबिरी, सगळा मोहल्ला आहे.

बाबा म्हणाले, "तीर्थोपाध्यायाची मुलगी चिखलात उतरणार, आणि तेही मजुरीसाठी? यजमान काय म्हणतील?" मी म्हटलं, "तुम्हीही यजमानांकडून दक्षिणा घेताच की." हे मी बोलायला नको होतं. तेव्हापासून अबोला.

आत्या, बी. ए. होऊन मला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मी शिवणाचा क्लास केला, दोन ठिकाणी दाखवून झाले, आणि बाकी वेळ यजमानांच्या चहाची कपबशी विसळली. पहिल्या दिवशी मी जलकुंभीचा एक गुंता ओढून काठावर टाकला, तर खाली परातीएवढं पाणी दिसलं. काळंच, पण पाणी. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा झाकलं गेलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच जागेपासून सुरुवात केली. हे मला सोडायचं नाही.

बाबा फक्त तुमचं ऐकतात. त्यांना एक पत्र लिहाल?

तुमची
विद्यू

*

महाल, नागपूर
२० फेब्रुवारी १९९७

चि. विद्यू,

अनेक आशीर्वाद. दक्षिणेचं वाक्य वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. मग उठून देवाला नमस्कार केला, कारण ज्यांच्या दक्षिणेवर तू वाढलीस त्यांच्या तोंडावर असं बोलू नये. आधी त्याची माफी माग. कामाची मागू नकोस.

कुंडात साप असतात. पायांत काय घालता? डोकं झाकता का? टोळीतल्या बाकीच्या दोघी मुली कोणाच्या? हे सगळं सविस्तर लिही. "मी ठीक आहे" असं एका ओळीत लिहिलंस तर चालणार नाही.

रेणुका कुंडाचं नाव वाचून मला काय झालं ते तुला कसं सांगू? माझी आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तुझा बाप, आमचा ढुंढू, पाच. आईचे पिंड आमच्या वडिलांनी, अण्णांनी, त्या कुंडात दिले. पिंड पाण्याला लागला आणि खालून मासे आले, एकदम सात-आठ. ढुंढू टाळ्या वाजवून म्हणाला, "आईनं घेतलं." अण्णा पहिल्यांदा तेव्हा रडले. त्यानंतर ढुंढू दिवसभर माझं बोट सोडून कुठे गेला नाही.

तुझे आतोबा जाऊन येत्या ज्येष्ठात वर्ष होईल. मी निवृत्त झाल्यावर माझी शाळाही सुटली, त्यामुळे पत्र लिहायला वेळच वेळ आहे. ढुंढूला आजच लिहिलंय. तू लावशील ती झाडं बघायला एक दिवस जा, एवढंच लिहिलं. मुलगी बागकाम करते म्हणून कोणाचं नाक कापलं जात नाही.

तुझी
शरदिनी आत्या

*

ब्रह्माघाट, वाराणसी
२० जुलै १९९७

ती. आत्या,

नमस्कार. इतके महिने पत्र नाही म्हणून रागावू नका. हाताला फोड होते आणि पेन धरवत नव्हतं. हे बागकाम नाही, आत्या! मे महिन्यात आम्ही कमरेएवढ्या गाळात उभे होतो. डोक्यावरून टोपल्या. पायांत गमबूट होते, पण गाळ ते ओढून घ्यायचा, म्हणून शेवटी सगळे अनवाणीच. साप दोनच निघाले. दोन्ही मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, लल्लननं शेपटीला धरून बाजूला नेऊन सोडले. लल्लन आमच्या टोळीतला, पंचगंगा घाटावर त्याच्या बापाची नाव असते. दुसरी मुलगी शकीला, मदनपुऱ्याच्या विणकरांची. तिसरी आमच्याच गल्लीतली सुरेखा. शकीला टोपली उचलताना रोज म्हणते, "पंडिताइन, तुम कम भरो, वरना कल आओगी नहीं." मी रोज जाते.

आणि बाबा आले. तुमच्या पत्रानंतर तीन महिन्यांनी, पण आले. भर दुपारी छत्री घेऊन काठावर उभे. मी डोक्यापासून पायापर्यंत काळी झालेली, त्यांनी मला ओळखलंच नाही. शकीलालाच विचारलं, "हमारी बिटिया कौन-सी है?" मग बराच वेळ उभे राहिले. जाताना म्हणाले, "पूर्वेच्या कोपऱ्यात झरा होता. तिथे खणा." तीन दिवस खणलं. लागला. त्या दिवशी रात्री जेवताना मला म्हणाले, "मीठ कमी आहे."

जूनच्या शेवटी पाऊस आला आणि कुंड भरलं. गेल्या आठवड्यात आम्ही मासे सोडले, बोटाएवढे, दीड हजार. पाणी अजून हिरवट आहे, पण वरून तिसरी पायरी दिसते. ऑक्टोबरात लखनौहून पाणी तपासायला माणसं येणार आहेत. पाणी पास झालं तर टोळीला आणखी एक वर्ष. नाही झालं तर आम्ही बाराही जण घरी, आणि कुंड दोन वर्षांत पुन्हा होतं तसं.

ते पास होणार. मी ठरवलंय.

तुमची
विद्यू

*

महाल, नागपूर
११ ऑगस्ट १९९७

चि. विद्यू,

अनेक आशीर्वाद. ढुंढूचं चार पानी पत्र आलं. जन्मात त्यानं मला कार्डापलीकडे लिहिलं नव्हतं. "अक्का, पाण्याला पुन्हा पाण्याचा वास येतो," असं लिहितो. तुझं नाव त्यात सात वेळा आहे. मी मोजलं. मी तुला सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस.

त्यानं आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती वाचून मला फार बरं वाटलं. त्यानं नागपूर, अमरावती, खानदेशातल्या सगळ्या यजमानांना कार्डं पाठवली आहेत, की रेणुका कुंड जिवंत झालं, यंदाच्या पितृपक्षात पिंडदान तिथेच करू. पुरानंतर घाटाच्या पायऱ्यांवर चिखल असतो, म्हाताऱ्या माणसांना उतरवत नाही, कुंडावर सोपं पडेल. बघ, ज्याला तुझ्या कामाची लाज वाटत होती तो आता गावोगाव त्याची द्वाही फिरवतो आहे.

आणि मीही येते आहे. तिकीट काढलं. आतोबांचं वर्षश्राद्ध इथे झालं, पण पितृपक्षातला पहिला पिंड त्यांच्या तिथीला, दशमीला, रेणुका कुंडात, माझ्या आईचा दिला तिथे. आम्हाला मूल नाही, संकल्प माझ्याच नावानं ढुंढू सांगेल. तू सोडलेले मासे तुझ्या आतोबांचा पिंड घेतील. तू नसतीस तर हे झालं नसतं. वर्षभरात पहिल्यांदा मी कशाची तरी वाट बघते आहे.

तुझी
शरदिनी आत्या

*

ब्रह्माघाट, वाराणसी
२२ ऑगस्ट १९९७

ती. आत्या,

नमस्कार. पत्र मिळालं. तुम्ही या. गंगा चढलेली आहे, नाव बंद आहे. सामान जास्त आणू नका, गल्ली निसरडी झाली आहे. बाकी आल्यावर बोलू.

तुमची
विद्यू

*

ब्रह्माघाट, वाराणसी
१८ सप्टेंबर १९९७

ती. आत्या,

नमस्कार. हे स्पीड पोस्टनं टाकते आहे, तुम्ही निघायच्या आत मिळावं म्हणून. मागच्या पत्रात मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. लल्लननं मला तेव्हाच सांगितलं होतं, "दीदी, बँधे पानी में चावल मत डलवाना." मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि काहीच लिहू शकले नाही. वाटलं, थोडेच लोक येतील, निभेल. ही माझी चूक.

पौर्णिमेला एका दिवसात एक्केचाळीस घरं आली. काल आणखी तीस. पिंडात तांदूळ, जवाचं पीठ, दूध, मध, तीळ. गंगेत ते वाहून जातं. कुंडाचं पाणी उभं असतं, तिथे ते सडतं आणि पाण्यातली हवा संपवतं. तुमच्या लहानपणी वर्षाला दहा-वीस घरं येत असतील, तेवढं मासे खाऊन टाकत. आज पहाटे गेलो तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडून होते. दुपारपर्यंत दोनशे मेले. शकीला आणि मी टोपल्यांत भरत होतो. ज्या टोपल्यांनी गाळ काढला त्याच. ती नुसती भरत राहिली. मला तिनं काहीतरी लावून बोलायला हवं होतं.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं, उद्यापासून पाण्यात पिंड नको. ते म्हणाले, "लोक दोन रात्री गाडीत बसून आलेत. त्यांना काय सांगू? माझ्या मुलीच्या माशांना सोसत नाही?" मी विचारलं, "पिंड पाण्यातच द्यायला हवा असं ग्रंथात आहे का?" त्यावर ते पूजेला बसले. सकाळची पूजा झालेली होती.

उद्यापासून आमची टोळी चारही बाजूंच्या पायऱ्यांवर उभी राहणार. ज्यांना पिंड सोडायचे त्यांना हात जोडून गंगेवर पाठवणार. नाही ऐकलं तर जाळीनं काढणार. सगळ्यांचे. म्हणून लिहिते आहे, आत्या, आतोबांचाही नको. तुम्ही माझ्यासाठी बाबांना पत्र लिहिलंत, आणि मी तुम्हालाच पहिल्यांदा नाही म्हणते आहे. दुसऱ्या कुणाकडून हे तुम्हाला पायरीवर कळावं, असं मला नको होतं.

तुमची
विद्यू

*

तार
नागपूर, २२ सप्टेंबर १९९७

पत्र मिळाले. येते आहे. दशमीला कुंडावरच. शरदिनी.

*

महाल, नागपूर
१४ ऑक्टोबर १९९७

चि. विद्यू,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. गाडीत खिडकी मिळाली. तुझ्या आईनं दिलेला चिवडा इटारसीला संपला.

तिथे असताना आपण दोघी कुंडाबद्दल फारसं बोललो नाही. तू दिवसभर पायरीवर, घसा बसलेला. मी रागात होते. तार करताना मला वाटत होतं, ही पोर मला काय अडवते ते बघतेच.

दशमीला सकाळी ढुंढूनं सगळ्यांपुढे जे सांगितलं ते तू पलीकडच्या काठावरून पाहिलंस. त्याआधी घरात काय झालं ते तुला ठाऊक नाही. तू पहाटेच गेली होतीस. मी पिंडांचे तांदूळ धूत होते, तो दर्भ निवडत होता. मी म्हटलं, "ढुंढू, मुलीनं विचारलं त्याचं उत्तर काय? पाण्यातच हवा का?"

"नाही," तो म्हणाला. "गाईला चालतो. बोकडाला चालतो, अग्नीत चालतो. पाण्यातही चालतो. सगळं आहे."

"मग इतके दिवस गप्प का?"

"अक्का, कार्डं मी पाठवली. दीडशे. कुंडावर चला म्हणून. आता मीच कुठल्या तोंडानं सांगू?"

मी म्हटलं, "ज्या तोंडानं तिला मजुरीण म्हणालास, त्याच." तांदूळ जरा जोरातच आपटले गेले.

का म्हटलं कुणास ठाऊक. मी तर स्वतः पाण्यात सोडायला आले होते. पण तू तुझी चूक मला पत्रात लिहून कळवलीस, आणि हा साठीला आलेला माणूस दर्भाच्या काड्या मोजत बसला होता, ते मला बघवेना.

मग कुंडावर त्यानं स्वतःहून सांगितलं. कार्ड पाठवलं ही माझी चूक, शास्त्र गाईला चालतं म्हणतं, आणि पहिले पिंड माझ्या मेव्हण्यांचे गाईला देतो. अमरावतीचे ते जाडे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, मग आम्ही इथवर पाणी बघायला आलो का?" आणि ढुंढू म्हणाला, "हो. बघा तरी. वीस वर्षं इथे ते नव्हतं." सगळे हसले. तेव्हा मला कळलं की तू जिंकलीस.

आता मूळ गोष्ट. ती लिहायला तीन पानं लागली.

गाईला बाकीचे पिंड गेले, आतोबांच्या नावाचा गेला नाही. तो मी तांब्याआड ठेवला होता. सगळे गाईकडे वळले तेव्हा मी वाकले आणि पदराआडून तो पाण्यात सोडला. मासे आले नाहीत. नुसता खाली गेला. मी थोडा वेळ बघत राहिले, मग उठून सगळ्यांबरोबर गाईला हात जोडले.

तुझ्या एवढ्या कष्टाच्या पाण्यात मी चोरून टाकलं. रागाव. पण मला वाईट वाटतं असं खोटं लिहिणार नाही. वाईट तुझ्याबद्दल वाटतं. पिंडाबद्दल नाही.

तुझी
शरदिनी आत्या

*

ब्रह्माघाट, वाराणसी
२३ ऑक्टोबर १९९७

ती. आत्या,

नमस्कार. आधी बातमी. परवा लखनौची माणसं येऊन गेली. चार ठिकाणचं पाणी बाटल्यांत घेतलं, तिथेच तपासलं. काठावर पास झालं. "बस, बाल-बाल," असं म्हणाले. टोळीला आणखी एक वर्ष मिळालं. शकीलानं मला पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय. बाबांनी पेढे आणले आणि लल्लनच्या हातात स्वतः दिले. आईनं मला खूण करून दाखवलं.

आता तुमच्या पत्राबद्दल.

मी पाहिलं होतं, आत्या. पलीकडच्या काठावरून पदर दिसतो, आणि वाकलेली पाठ दिसते. सबंध पंधरवडा मी पाठीच बघत होते. कुणाच्या पाठीचा काय अर्थ ते मला चांगलं कळायला लागलं होतं.

तुम्ही सगळे घरी जेवायला गेलात. पंगत उठेपर्यंत मी आले नाही, तेव्हा आई तुम्हाला म्हणाली असेल, की पोरगी कामात आहे. मी जाळी घेऊन त्या पायरीवर गेले होते. पिंड अजून फुटला नव्हता. काढला.

हातात घेऊन मी किती वेळ उभी होते, आठवत नाही. मला वाटलं, हा एक गंगेवर न्यावा. ब्रह्माघाट काय लांब आहे? सायकलवर दहा मिनिटं. आतोबांनी मला सातवीत कंपासपेटी पाठवली होती, तीत एक जास्तीचं खोडरबर होतं, तेही माझ्यासाठीच. पण त्या दिवशी आम्ही आणखी सतरा काढले होते, असेच लपवून सोडलेले. बाबांचं बोलणं ऐकून, माना डोलावून मग सोडलेले. ते सतरा आम्ही काठावरच्या खतखड्ड्यात घातले होते. ते कुणाचेतरी आतोबाच होते. माझ्या घरचा तेवढा गंगेवर आणि त्यांचे खड्ड्यात, असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला पायरीवर उभं राहता आलं नसतं.

म्हणून तोही खड्ड्यातच घातला. नमस्कार केला आणि वरून माती मीच लोटली.

तुम्ही घरी असताना हे सांगायला मला धीर झाला नाही. आता तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहिते. मला तुमचा राग आलेला नाही. तुम्हाला माझा येईल, तो योग्यच आहे. पण पुढच्या वर्षीही मी तिथेच असेन, आणि पुढच्या वर्षीही काढीन.

तुमची
विद्यू

*

महाल, नागपूर
५ नोव्हेंबर १९९७

चि. विद्यू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. मी इथे आणि तू तिथे, तुला ते कळलं नसेल. पण एरवी पोळ्या लाटताना तुला जे काय सांगत असते, ते सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तर तुझं पत्र चुलीत घालावंसं वाटलं. इथे गॅस आहे म्हणून वाचलं.

चौथ्या दिवशी भाजी निवडताना ते सतरा जण डोक्यात आले. ढुंढूचं बोलणं ऐकून त्यांनी माना हलवल्या, गाईला हात जोडले, आणि पदराखालून, धोतराच्या सोग्याखालून आपलं माणूस पाण्यात सोडलं. मी समजत होते की एवढं धाडस माझं एकटीचंच. अठरा जण होतो. आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

विद्यू, तुम्ही पाटी लावाल. ढुंढू शास्त्राचं वचन सांगेल, आणि आता तो ते दरवर्षी सांगेल, एवढं मी त्याला ओळखते. त्यानं पुष्कळ लोक ऐकतील. पण जी बाई ऐकून घेऊन मग वाकते, तिला पाटी कळत नाही आणि वचनही कळत नाही. तिच्याशी तुम्हा पोरांना बोलता येणार नाही. तुमच्यात कुणाचं कोणी गेलेलं नाही, देव करो आणि बरीच वर्षं न जावो.

म्हणून पुढच्या वर्षी मी पितृपक्षाचे पंधराही दिवस येते. मला बसायला एक पाट दे. मजुरी नको, माझं वय तुमच्या योजनेत बसत नाही. जी पदर सावरून पाण्याकडे वळेल, तिच्या शेजारी जाऊन मी बसेन. कोण गेलं, विचारीन. ती सांगेल. मग मी माझं सांगेन, की मी सोडला होता, मासे आले नाहीत, आणि दुपारी माझ्या भाचीनं तो काढला. एवढं ऐकून ती स्वतःच उठून गाईकडे जाईल, असं मला वाटतं. सगळ्या जाणार नाहीत. काही जातील.

आणि तरीही एखादी सोडून गेलीच, तर जाळी कशी धरायची ते मला शिकव. मनगट दुखतं, पण दोन्ही हातांनी धरीन.

तुझी
शरदिनी आत्या